विश्लेषण : फॉर्म्युला वनची ‘सीट’ कुणाला? चाहत्यांचे अंदाज का चुकतात?

लातूर किंवा नांदेडमध्ये ‘सीट’ म्हटले की आधी आठवते ती एमबीबीएसची जागा. नीटचा निकाल लागला की कटऑफचे अंदाज, कॅप राउंडच्या याद्या आणि ‘यंदा कितीला बसेल’ ही चर्चा घराघरांत सुरू होते. याच शहरांतील अनेक तरुणांच्या मोबाइलवर आता आणखी एका ‘सीट’ची चर्चा रंगते. ती असते फॉर्म्युला वनच्या मोटारीतील. युरोपातील बहुतेक शर्यती रविवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. शर्यत संपते आणि पुढच्या वर्षी कोण कोणत्या संघात जाणार, याचे तर्क सुरू होतात. त्यात एक प्रश्न दर हंगामात येतोच : भारतीय चालकाला संधी कधी मिळणार? आजवर या प्रश्नाचे अंदाज पुन्हा पुन्हा फसले आहेत. ते का फसतात, हे समजून घेण्यासाठी आधी ही जागा भरली कशी जाते हे पाहायला हवे.

ही चर्चा नेमकी कशाची?

२०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमध्ये ११ संघ आहेत आणि प्रत्येक संघाचे दोन चालक. म्हणजे साऱ्या जगासाठी जागा २२. त्यातल्याही बऱ्याच जागा अनेक वर्षांच्या करारांनी आधीच अडकलेल्या असतात. दरवर्षी खरोखर रिकाम्या होणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हंगामाच्या मध्यावर या मोजक्या जागांवरून तर्कवितर्कांना ऊत येतो. त्या काळाला या खेळात ‘सिली सीझन’ म्हणतात. चालकांचे प्रतिनिधी, संघांचे प्रमुख, पुरस्कर्ते आणि पत्रकार असे सगळेच त्यात आपापल्या सोयीची माहिती सोडत असतात. चाहत्यापर्यंत येते ती या गाळणीतून उरलेली.

‘सुपर लायसन्स’ ही गुणवत्ता यादी असते का?

नाही. बहुतेक अंदाज चुकतात ते इथेच. फॉर्म्युला वनमध्ये मोटार चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा (एफआयए) ‘सुपर लायसन्स’ हा परवाना लागतो. त्यासाठी खालच्या दर्जाच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतून तीन हंगामांत किमान ४० गुण जमवावे लागतात. वयाची अट सर्वसाधारणपणे १८ वर्षांची. फॉर्म्युला टू स्पर्धेत पहिल्या तिघांना थेट ४० गुण मिळतात. सातव्या क्रमांकाला मिळतात अवघे आठ.

नीटच्या भाषेत सांगायचे तर हे ४० गुण म्हणजे पात्रतेची रेषा. ती ओलांडली म्हणजे अर्ज करता येतो, प्रवेश पक्का होत नाही. पुढे कुठलीही यादी लागत नाही आणि वरच्याने जागा सोडली म्हणून ती खालच्याकडे आपोआप येत नाही. संघाला जो हवा तो संघ घेतो. का घेतला, हे सांगण्याचे बंधनही त्याच्यावर नसते.

जेहान दारूवालाच्या वेळी काय घडले?

भारतीय चाहत्यांच्या अपेक्षांचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला. फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये ‘वन फ्रॉम अ बिलियन’ ही गुणवत्ता शोधमोहीम राबवली. त्यात निवडल्या गेलेल्या तीन मुलांपैकी तो एक होता. पुढे त्याने युरोप गाठले. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीमध्ये त्याने तिसरा क्रमांक मिळवला आणि २०२० मध्ये तो रेड बुलच्या कनिष्ठ चालकांच्या चमूत दाखल झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बहरीनमधील साखीर येथे त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. अशी शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

रेड बुलचा दुसरा संघ होता अल्फाटॉरी. कनिष्ठ चमूतील मुलांना तिथेच संधी मिळते, हा इतिहास होता. त्यामुळे २०२२ मध्ये अल्फाटॉरीचा पिएर गॅस्ली अल्पिन संघात जाणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा भारतीय चाहत्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागेवर जेहानचे नाव लिहून टाकले. जूनमध्ये मॅक्लारेनने त्याला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या मोटारीत चाचणीची संधी दिली होती. त्यामुळे आशा आणखी वाढली.

११ सप्टेंबर २०२२ या एका दिवशी इटलीतील मॉन्झा येथे जे घडले, त्यात या व्यवहाराचे सगळे मर्म आहे. सकाळी जेहानने फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत जिंकली. दुपारी विल्यम्सचा चालक अलेक्झांडर अल्बन आजारी असल्याने ऐनवेळी निक डी व्रीस हा डच चालक त्याच्या मोटारीत बसला आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीत नववा आला. महिनाभरातच, ८ ऑक्टोबरला, अल्फाटॉरीने जागा जाहीर केली ती डी व्रीसच्या नावावर. जेहान त्या हंगामाअखेर रेड बुलच्या चमूतून बाहेर पडला आणि पुढे विजेवरील मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेकडे वळला.

मग हा अन्याय होता का?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. डी व्रीस २०१९ चा फॉर्म्युला टू विजेता होता आणि नंतर फॉर्म्युला ईचाही. जेहान फॉर्म्युला टूच्या तीन हंगामांत अनुक्रमे बारावा, सातवा आणि सातवा आला होता. एका रविवारच्या विजयाने ही आकडेवारी पुसली जात नाही. चाहत्यांनी विजय लक्षात ठेवला, संघाने तिन्ही वर्षे पाहिली. मात्र डी व्रीसची निवडही अचूक ठरली नाही. जेमतेम दहा शर्यतींनंतर, जुलै २०२३ मध्ये त्याला काढून डॅनियल रिकार्डोला बसवण्यात आले. संघांचे अंदाजही चुकतात, फरक एवढाच की त्यांच्या चुकीची किंमत चालक मोजतो.

अव्वल येऊनही जागा का मिळत नाही?

२०२२ चा फॉर्म्युला टू विजेता होता ब्राझीलचा फेलिपे ड्रुगोविच. पुढच्या वर्षी त्याच्या वाट्याला आली अॅस्टन मार्टिनमधील राखीव चालकाची भूमिका. त्याच स्पर्धेत चौथा आलेला लोगन सार्जंट मात्र विल्यम्सच्या मोटारीत बसला. २०२३ चा विजेता तेओ पुर्शेर यालाही फॉर्म्युला वनमध्ये कायम जागा मिळाली नाही. राज्यात पहिला आलेला विद्यार्थी प्रवेशाविना घरी बसावा आणि चौथ्याला महाविद्यालय मिळावे, असा हा प्रकार.

यामागची कारणे बहुतेक वेळा तीन असतात. पहिले, सार्जंटला विल्यम्सनेच घडवले होते. संघ आपल्या अकादमीवर केलेला खर्च वसूल करू पाहतात. दुसरे कारण पैसा. चालक सोबत कोणते पुरस्कर्ते आणतो, याला विशेषतः लहान संघांत वजन असते. मॅनेजमेंट कोट्याची कल्पना असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र इथे पैसा असला तरी ४० गुणांची पात्रता चुकत नाही. त्याच २०२२ मध्ये रेड बुलला अमेरिकेचा कोल्टन हर्टा अल्फाटॉरीसाठी हवा होता. त्याचे गुण कमी पडले आणि महासंघाने सवलत दिली नाही. तिसरे कारण वेळेचे. ज्या वर्षी चालक तयार होतो, त्याच वर्षी जागा रिकामी असावी लागते. ते कुणाच्याच हातात नसते.

संघ भारतीय असता तर?

असा संघ होता. विजय मल्ल्या आणि भागीदारांनी २००७ मध्ये स्पायकर संघ विकत घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ नावाने धावू लागला. त्या काळात दर हंगामाआधी नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांची नावे चाहत्यांच्या यादीत असायची. प्रत्यक्षात २०१८ मध्ये संघ आर्थिक अडचणीत येऊन दुसऱ्यांच्या हाती जाईपर्यंत त्याच्या मोटारीतून एकाही भारतीयाने फॉर्म्युला वनची शर्यत केली नाही. कार्तिकेयनला २००५ मध्ये संधी दिली ती जॉर्डनने. पुढे चंढोकला २०१० मध्ये आणि कार्तिकेयनला २०११ मध्ये घेतले ते स्पेनच्या हिस्पानिया संघाने. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय आजवर हे दोघेच.

अलीकडे हीच आशा बेंगळुरूच्या कुश मैनीभोवती होती. अल्पिनने २०२५ साठी त्याला राखीव आणि चाचणी चालक केले. त्या मे महिन्यात त्याने मोनॅकोत फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. पण राखीव म्हणजे प्रतीक्षा यादीतला पहिला असे नाही. अल्पिनकडे तेव्हा एकाहून अधिक राखीव चालक होते. जॅक डूहानला सहा शर्यतींनंतर बाजूला केले, तेव्हा जागा मिळाली अर्जेंटिनाच्या फ्रँको कोलापिंटोला. त्याच्यामागे आदल्या वर्षीच्या फॉर्म्युला वन शर्यतींचा अनुभव होता आणि मायदेशातील पुरस्कर्त्यांचे पाठबळही.

करार झाल्यावर तरी चर्चा संपते का?

तेही नाही. लुइस हॅमिल्टनने २०२३ मध्ये मर्सिडीजशी २०२५ पर्यंतचा करार जाहीर केला. त्यात आधी बाहेर पडण्याची मुभा होती. १ फेब्रुवारी २०२४ रोजी तो २०२५ पासून फेरारीत जाणार असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे जागा गेलेल्या कार्लोस सेंझचे नाव पुढचे सहा महिने निरनिराळ्या संघांशी जोडले जात होते. अखेर जुलैच्या शेवटी तो विल्यम्सचा झाला.

ऑस्कर पियास्ट्रीचे प्रकरण त्याहून बोलके. २ ऑगस्ट २०२२ रोजी अल्पिनने त्याला पुढच्या हंगामासाठी अधिकृतपणे जाहीर केले. त्याच दिवशी पियास्ट्रीने आपण अल्पिनकडून धावणार नसल्याचे सांगितले. असे वाद मिटवण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये करार मान्यता मंडळ आहे. संघ आणि चालकांचे करार त्याच्याकडे नोंदवले जातात. महिनाभराने मंडळाने निकाल दिला : वैध करार मॅक्लारेनचा. अधिकृत घोषणाही फिरते, तिथे अनोळखी खात्यावरच्या ‘पक्क्या बातमी’चे काय?

बातमी आणि अफवा यांत फरक कसा करायचा?

चार गोष्टी तपासल्या तरी बरीच धूळ खाली बसते.

पहिली, जागा खरोखर रिकामी आहे का? ज्या चालकाला हटवले जाणार म्हणतात, त्याचा करार कधी संपतो ते पाहावे.

दुसरी, नाव असलेला चालक पात्र आहे का? ४० गुण नसतील, तर बाकीची चर्चा तूर्त निरर्थक.

तिसरी, बातमी कुणाच्या फायद्याची आहे? करार संपत आलेल्या चालकाला ‘तीन संघांची मागणी’ असल्याचे वारंवार छापून येते, तेव्हा ते वाटाघाटीचे हत्यारही असू शकते.

चौथी, कोण सांगते आहे? संघाचे पत्रक, चालकाचे स्वतःचे निवेदन किंवा नावानिशी लिहिणारा आणि चूक झाल्यास दुरुस्त करणारा पत्रकार यांना वजन द्यावे. नव्या संघाच्या पोशाखात दाखवलेला चालकाचा फोटो आज कुणीही मोबाइलवर तयार करू शकतो. परदेशी सट्टेबाजांचे भाव हाही पुरावा नव्हे. तिथे लोकांनी कुठे पैसे लावले एवढेच कळते.

मराठवाड्यातील चाहत्याने कशाकडे पाहावे?

अंदाज बांधण्यात वाईट काहीच नाही. खेळाची निम्मी गंमत तिथेच असते. प्रश्न येतो तो या गप्पांच्या जोरावर घरातल्या मुलाचे भवितव्य ठरवण्याचा. ही शिडी सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंगपासून सुरू होते. देशातील शर्यतींची मुख्य सर्किट्स कोईमतूर आणि चेन्नईकडे. तिथून युरोपात जावे लागते आणि फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस कोटी रुपयांच्या घरात किंवा त्याहून अधिक सांगितला जातो. लातूर पॅटर्न मेहनतीने गुण मिळवून देतो. ही शिडी नुसत्या मेहनतीवर चढता येत नाही, हे पालकांनी आधीच ओळखलेले बरे.

मात्र या खेळात स्टिअरिंगमागची जागा ही एकच जागा नाही. एकेका संघात शेकडो अभियंते, तंत्रज्ञ आणि माहिती विश्लेषक काम करतात. बाजा किंवा फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः मोटार बांधून उतरतात आणि त्या स्पर्धा नांदेड-लातूरच्या मुलांनाही खुल्या आहेत. तिथे काय बांधले, ते किती चालले आणि कुठे मोडले, हे सर्वांसमोर दिसते. पुढच्या हंगामातील २२ नावे कोणती, यावर रविवारी रात्री जरूर वाद घालावा. पण एखाद्या मुलाला या खेळात खरेच जायचे असेल, तर त्याच्याशी सोमवारी सकाळी बोलायचा विषय हा दुसरा आहे.