दिवा घालवून देऊ का, साहेब?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गोलाच्या आत तीन अक्षरं, एबीएस. मुलुंडहून अंधेरीला ऑफिसला निघालो होतो. ब्रेक दाबून पाहिला, लागत होता. म्हटलं, लागतोय ना, मग झालं! आणि त्या दिव्यासोबत मी पुढचे दोन महिने सुखाने संसार केला. (आईला हे आत्ता कळतंय. आई, रागावू नकोस, पुढे वाच.)

जुलैत एका सकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर धो धो पाऊस होता. पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि गाडी निवांतपणे सरळच घसरत गेली. रिक्षाच्या मागे हातभर अंतरावर थांबली. रिक्षात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बसली होती. तिला काही कळलंच नाही. मला मात्र पुढची पाच मिनिटं गिअर टाकता येईना.

हे असं का झालं, ते थोडक्यात सांगतो. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सांगतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम व्हायला लागलं की बॉनेटखालचं मॉड्यूल त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं आणि पुन्हा धरतं. असं सेकंदाला कितीतरी वेळा. कारण जाम झालेलं चाक कितीही वळवा, गाडी वळत नाही. 1978 मध्ये बॉशने बनवलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या गाड्यांत आली. आपल्याकडे नव्या मोटारींत ती सरसकट सक्तीची व्हायला एप्रिल 2019 उजाडला. पिवळा दिवा लागला म्हणजे ही राखण बंद. साधा ब्रेक चालू असतो, म्हणून तर माझ्यासारखे शहाणे निर्धास्त राहतात.

तर त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. वर्षानुवर्षांची ओळख. त्याने दिवा पाहिला आणि म्हणाला, "साहेब, गाडीला काय होत नाही. दिवा घालवून देऊ का? दोनशे द्या." म्हणजे काय करणार? तर मीटरमधला तो दिवा काढणार, किंवा त्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडून देणार. रोग तसाच, फक्त थर्मामीटर फोडायचा!

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एसी, कॉफी आणि टाय लावलेला मुलगा. त्याने गाडीला यंत्र जोडलं, दहा मिनिटांत परत आला. "सर, मॉड्यूल गेलंय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. बेचाळीस हजार प्लस लेबर." मी विचारलं, सेन्सर तपासलात? वायरिंग? कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का? (अंधेरी सबवेच्या तळ्यातून वर्षाकाठी दोन-चारदा जाणारी गाडी आहे हो ती.) तर उत्तर, "सर, सिस्टीम मॉड्यूलच दाखवतेय." कोणता कोड आला तो लिहून द्या म्हटलं, तर तशी पद्धत नाही.

मग एका मित्राने साकीनाक्याच्या एका छोट्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथल्या माणसाकडे स्वतःचा स्कॅनर होता आणि, त्याहून दुर्मिळ, वेळ होता. त्याने मला शेजारी बसवून गाडी हळू चालवली आणि चारही चाकांचे आकडे दाखवले. चारही सारखे, म्हणजे सेन्सर ठीक. मग मॉड्यूलचा प्लग काढून करंट येतोय का, अर्थिंग बरोबर आहे का ते तपासलं. तेही ठीक. शेवटी स्कॅनरवरून मॉड्यूलमधल्या पंपाला चालू व्हायचा हुकूम दिला. पंप ढिम्म. दोन तास, आठशे रुपये, आणि निकाल? मॉड्यूलच गेलं होतं!

तुम्ही म्हणाल, मग सर्व्हिस सेंटरवाला बरोबरच होता की. हो, होता. पण न तपासता बरोबर येणं याला निदान म्हणत नाहीत, मटक्याचा आकडा लागणं म्हणतात. हाच दोष गंजलेल्या कनेक्टरचा असता तरी मी बेचाळीस हजार भरले असते, आणि दिवा पुन्हा लागला असता.

आणि खरी मेख पुढेच आहे. साकीनाकावाला म्हणाला, "पार्ट बसवीन, ब्रेक ऑइल बदलीन, लाइनमधली हवा काढीन. पण नवं मॉड्यूल तुमच्या गाडीला ओळखायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते आम्हाला देत नाहीत." ज्याने दोष शोधला त्याच्याकडे चावी नाही, आणि ज्याच्याकडे चावी आहे त्याला शोधायची गरज वाटत नाही.

हे दुखणं काही नवं नाही. 2011 साली एका गाडीमालकाने सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला आणि भाग व यंत्रं खुली करायला सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यातही मोटारी आहेत. कागदावर सगळं छान आहे. साकीनाक्याला अजून ते सॉफ्टवेअर पोचायचं आहे.

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे. ब्रेकसारख्या नाजूक गोष्टीला कोणीही हात लावू नये, जिवाचा प्रश्न आहे. अगदी मान्य! मीही कुर्ल्याच्या बाजारातून भंगारातल्या गाडीचं मॉड्यूल आणलं नाही, नवंच घेतलं. पण जिवाची एवढी काळजी असेल तर त्या साकीनाकावाल्याला शिकवा, परीक्षा घ्या, पैसे घेऊन सॉफ्टवेअर द्या. कुलूप लावून जीव वाचत नाहीत. ज्याला बेचाळीस हजार झेपत नाहीत तो काय करतो? कोपऱ्यावर जातो आणि दोनशे देतो. तेव्हा काचेमागचा टायवाला आणि कोपऱ्यावरचा पक्कडवाला मला तरी एकाच माळेचे मणी वाटतात. एक तपासत नाही, दुसरा लपवतो. आणि मी? मी दोन महिने दिव्याकडे बघतच नव्हतो. मलाही त्याच माळेत ओवा.

आपल्याकडे पीयूसीत फक्त धूर बघतात, आणि खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षं चालतं. तोवर त्या दिव्याची विचारपूस कायद्याने कोणी करत नाही. म्हणजे विझवलेला दिवा घेऊन ती गाडी विकली जाते, आणि घेणाऱ्या बिचाऱ्याला पहिल्या पावसात कळतं.

म्हणून मंडळी, आणि विशेषतः जुनी गाडी बघत फिरणाऱ्या आमच्या ठाण्याच्या भाच्या, एवढं करा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि काही क्षणांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी कारागिरी केली आहे. हुशार कारागीर असेल तर हेही जमवतो, तेव्हा स्कॅनर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कोणी मॉड्यूल बदला म्हटलं तर कोड लिहून मागा, काय काय तपासलं ते विचारा, आणि जुना भाग परत मागा. दिवा लाल असेल तर मात्र विचारत बसू नका, गाडी तिथेच उभी करा.

मी शेवटी सर्व्हिस सेंटरलाच मॉड्यूल बसवलं. दुसरा इलाज नव्हता. जुनं मॉड्यूल भांडून परत आणलं. ते आता टीव्हीच्या कपाटात आहे. बायको म्हणते, भंगारात टाका. टाकणार नाही. बेचाळीस हजारांचा शोपीस आहे तो!