दिवाळीची ऑर्डर आणि आषाढातली शिवण

दिवाळीच्या ऑर्डरी पक्क्या करण्याचे हे दिवस. चादरी, अभ्रे, पडद्यांच्या जोडीला हातशिवणीच्या गोधडीला शहरात बरी मागणी आहे आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर ती शिवणारे हातही आहेत. बचत गटाशी बोलायचे, कापड पोचवायचे, नगावर मजुरी ठरवायची आणि लेबलावर ‘नैतिक उत्पादन’ छापायचे, एवढ्यात काम भागते असा समज आपल्या धंद्यात रुजतो आहे. तो वेळीच खोडायला हवा.

आधी मजुरी. पाच बाय सात फुटांची गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या ओळींत इंचाचे अंतर धरले तर एकूण शिवण ४२० फूट होते. इंचाला चार टाके म्हटले तरी एका गोधडीत वीस हजारांवर टाके पडतात. थर जुळवणे, कच्चा दोरा घालणे, कडेची पट्टी हे वेगळेच. दर ठरवताना मात्र आपण मशीनवरची रजई कितीला मिळते ते पाहतो आणि तिथून वजाबाकी करत खाली येतो. उरेल ते शिवणारीचे. हिशेब खालून वर करा. एक नग समोर शिवून घ्या, घड्याळ लावा, तासांना किमान वेतनाच्या दराने गुणा. आकडा परवडत नसेल तर गोधडी लहान करा, ओळी विरळ करा. बाईचा तास स्वस्त करू नका. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला, पण भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. तेव्हा ही जबाबदारी खरेदीदारानेच उचलायची आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवाळीचा माल सप्टेंबरात निघायचा तर शिवण आषाढ-श्रावणात येते. तेव्हा या बायका भातलावणीच्या चिखलात असतात. घरात ओल असते, कापूस दमट होतो, गोधडीला वास धरतो आणि मग तोच माल ‘रिजेक्ट’ म्हणून परत जातो. इथला शिवणीचा खरा हंगाम भातकापणी, झोडणी उरकल्यावर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. ऑर्डर मार्गशीर्षात द्यावी, उचल तेव्हाच द्यावी आणि तयार माल पावसाआधी आपल्या गोदामात आणावा. कित्येक महिने पैसा अडकेल, हे खरे. पण तो कोणाचा अडकावा, हाच तर नैतिकतेचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट जोखमीची. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडींनी माणसे गिळली. अशा मुलखात दिलेले कापड भिजले तर भरपाई कोणी करायची, हे किती जणांच्या करारात लिहिलेले असते? कच्चा माल आपला असेल तर त्याचा विमाही आपणच काढावा.

शेवटी लेबल. ‘इजिप्शियन कापूस’ म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस असल्याचे सांगत अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानदार कंपनीने २०१६ मध्ये चादरी पुरवणाऱ्या वेलस्पनशी व्यवहार तोडला. प्रमाणपत्रे बाळगणाऱ्या बड्या पुरवठा साखळीतही असे घडते. आपण तर बोहारणीकडून आलेल्या साड्या वापरतो. त्यांतल्या सुती किती, रंग कोणता, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. म्हणून ‘शंभर टक्के सुती’, ‘अॅझोमुक्त रंग’ असे छापू नये. ‘जुन्या साड्यांची, हाताने शिवलेली’ एवढे पुरे. त्याखाली शिवणीचे तास आणि दिलेली मजुरी छापा. हे दोन आकडे छापायला ज्याचा हात कचरतो, त्याने ‘नैतिक’ हा शब्दही छापू नये.