विमान डोंगरात पडलं की आधी पोहोचतो तो पाड्यावरचाच माणूस

चोपडा : तामिळनाडूतल्या कुन्नूरजवळ ८ डिसेंबर २०२१ ला हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळलं. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत आणि त्यांच्या पत्नीसह १४ जण गेले. या एकाच अपघाताचं कारण दोनदा, दोन तऱ्हेने सांगितलं गेलंय. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दल म्हणालं, बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जीपणाही नाही. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि पायलटचा दिशेचा अंदाज चुकला. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षण समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ मधले हवाई दलाचे ३४ अपघात त्यात आहेत आणि या अपघातापुढे कारण लिहिलंय, मानवी चूक.

तसं पाहिलं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पावसाळ्यात सातपुड्याच्या माथ्यावर ढग टेकलेले आपण बघतोच. खालून मोकळं दिसतं, वर गेलं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. हवेत तर पायाखाली जमीनही नाही. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की शरीराचा तोल खोटं सांगू लागतो. वळतोय की सरळ चाललोय तेही कळत नाही, आणि चांगलं चालतं यंत्र डोंगरावर जाऊन आदळतं. पण नुसतं 'मानवी चूक' लिहिल्याने पुढच्या पायलटला काय कळणार?

कुन्नूरला आग बघून आधी धावले ते शेजारच्या वस्तीतले लोक. खान्देशाला हे नवीन नाही. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात पडलं. ते लष्करी नव्हतं, शिकाऊ होतं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी तरुणी जखमी झाली. तिथवर गाडी जाईना. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी दिली, तिची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी चिखल तुडवत तिला खाली आणलं. माणूस वस्तीलाच नसला तर काय होतं, ते अरुणाचलात दिसलं. ३ जून २०१९ ला १३ जणांसह बेपत्ता झालेल्या एएन-३२ चे अवशेष ११ जूनला सापडले. ढगांमुळे शोधही अडत होता.

वर्डीच्या घटनेत विमान धुळे जिल्ह्यातलं, पडलं जळगाव जिल्ह्यात. अशा वेळी कोणत्या तहसीलदाराने कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं पाहिजे. डोंगराकाठच्या पोलीस पाटलांचे आणि वनरक्षकांचे नंबर दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षात हवेत. नेटवर्क नाही त्या पाड्यांसाठी वायरलेस हवा. आरोग्य उपकेंद्रात स्ट्रेचर, दोर, बॅटऱ्या ठेवायला काही कोटी लागत नाहीत. पेटतं इंधन असताना किती लांब थांबायचं, जखमीची मान न हलवता उचलायचं कसं, हेही शिकवावं. मोबाईलवर शूटिंग करायला गर्दी करणाऱ्यांना मागे कोण सारणार, तेही ठरवून टाका. पाऊस सुरू व्हायच्या आधी एखाद्या ग्रामसभेत हे सगळं अर्ध्या दिवसात उरकतं.