ठरावाला तारीख नसते

माझे मेहुणे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. परशुरामचा घाट चढून वर आले की लोटे आल्याचे आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना! गेल्या शिमग्याला मी त्यांच्याकडे होतो, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या एका तात्यांनी आम्हांला घरी बोलावले. वाडीचे नाव सांगत नाही. कारण पुढे कळेलच.

अंगण सारवलेले, दारात रांगोळी, ताटात नारळ. ढोल वाजत ग्रामदेवतेची पालखी आली आणि तात्यांचे दार सोडून पुढच्या घरी गेली. तात्यांनी मुकाट्याने ताट उचलले.

"अडतीस वर्षं झाली, भाऊ. आता सवय झाली."

प्रकरण एवढेच, की बांधाच्या तंट्यात गावकीचा निवाडा न मानता तात्यांच्या वडिलांनी कोर्टात दावा लावला. देवळात सभा भरली, एकवीस हात वर झाले आणि घर वाळीत पडले. दावा केव्हाच निकालात निघाला. वडीलही गेले. त्या एकवीसांपैकी आज तिघे हयात आहेत, पैकी एक अंथरुणाला खिळलेले. हा हिशेब तात्यांना तोंडपाठ! हात वर करणारे स्मशानात गेले, त्यांची मते मात्र अजून देवळात बसून आहेत. तात्यांच्या नातीच्या लग्नालासुद्धा वाडीतले कुणी फिरकले नाही.

"पण हे संपणार केव्हा?" मी विचारले.

"ठरावाला तारीख घातलीच नव्हती ना!"

आता पाहा, बँकेचा चेक तीन महिन्यांत शिळा होतो. आपण निवडून दिलेला आमदारही पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो. मग या मतांनीच काय अमृत प्यायले आहे? माझे म्हणणे साधे आहे : वर्षाने सभा भरवावी आणि पुन्हा हात वर करायला सांगावे. हात पुरले नाहीत तर ठराव आपोआप पडला. मला वाटते, पुष्कळांचे हात उचलणारच नाहीत.

कायदा नाही असे नव्हे. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. पुढे २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला, तो २०१७ पासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे सांगू लागलो तेव्हा तात्या हसले.

"फिर्याद करू कुणावर? मेलेल्यांवर, की त्यांच्या नातवांवर? त्यांतला एक पोर माझ्या नातवाबरोबर कंपनीत पाळीला जातो. दोघे एकाच डब्यातले खातात. फक्त वाडीत शिरले की बोलत नाहीत!"

अखेर त्यांच्या सांगण्यावरून मी गावकीच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहून दिला : 'सदर ठरावावर पुन्हा मत घ्यावे.' अर्ज पोचला आहे, उत्तर आलेले नाही. शिमग्याला अजून चार-साडेचार महिने आहेत.