उच्च शिक्षणसंस्थांची निवड : मार्का की माल?

पोत्यावरील मार्का पाहून रविवार पेठेत कोणी सौदा करीत नाही. मूठभर दाणे तळहातावर पसरून, एखादा दाताखाली धरून, मगच भाव बोलला जातो. हीच मंडळी मुलामुलींच्या प्रवेशाचे दिवस आले म्हणजे मात्र निव्वळ मार्क्यावर भुलतात, हे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आय.आय.टी. हा तो मार्का. १९५१ साली खरगपूरला पहिली संस्था निघाली. आज त्या २३ आहेत, आणि आमच्या शेजारी धारवाडलाही २०१६ पासून एक चालू आहे. तेथील व एन.आय.टी. आदी संस्थांतील जागा ‘जोसा’ या एकत्र व्यवस्थेतून वाटल्या जातात. विद्यार्थ्याने संस्था व शाखा अशा जोड्यांची पसंतीची यादी भरावयाची. यंत्र ती वरून खाली वाचते, आणि त्याच्या गुणानुक्रमास जी पहिली जागा लाभू शकते ती त्याच्या नावे लिहिते. वरची जागा मागितल्याने खालच्या जागेवरील हक्क तिळमात्र कमी होत नाही. तेव्हा ‘हे आपल्याला कुठले मिळायला!’ म्हणून आवडीची जागा खाली ढकलणे हा शुद्ध वेडेपणा होय.

दुसरी बाजू अधिक कठोर आहे. वरची जागा लाभली की तिच्याखालील सारे पर्याय गळून पडतात. आमच्या परिचयाच्या एका पेढीवाल्यांनी चिरंजिवांस न विचारता सर्व आय.आय.टी. वर घातल्या, शाखा कोणतीही असो. मुलाला संगणकशास्त्र हवे होते, आणि सुरतकलच्या एन.आय.टी.त ते मिळण्याजोगे होते. तेथील निम्म्या जागा कर्नाटकातून बारावी झालेल्यांसाठी असतात. (बारावी कोल्हापूरला केली तर तोच बेळगावचा मुलगा महाराष्ट्राचा गणला जातो, हेही सीमेवरील पालकांनी ध्यानी ठेवावे.) यंत्राने त्याला धातुशास्त्र दिले. वडिलांनी पेढे वाटले. मुलगा दुसऱ्या वर्षापासून सुटीत घरी येईनासा झाला.

धातुशास्त्र हलके असे आमचे म्हणणे नाही. ज्याला त्याची गोडी आहे त्याने ते आवर्जून वर लिहावे. शुद्ध विज्ञानाची ओढ असेल त्याने बंगळूरची विज्ञान संस्था पाहावी. ती १९०९ ची. पदवीचे वर्ग तेथे २०११ पासून आहेत आणि अर्ज निराळा करावा लागतो, ही गोष्ट कित्येक घरांत मुदत टळल्यावर कळते.

भोजनगृहात कांदालसणाविना ताट मिळते काय, ही चौकशी आमचा भगिनीवर्ग न चुकता करतो, व ती रास्तच आहे. अभ्यासक्रमात चार वर्षे काय शिकवितात, याची चौकशी तितक्या बारकाईने कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यादी भरण्याच्या दिवसांत एके सायंकाळी दुकान लवकर बंद करावे, आणि लेखणी मुलाच्या वा मुलीच्या हाती देऊन वडिलांनी समोर बसावे. प्रत्येक जोडीस एकच प्रश्न : ही आणि हिच्याखालची, दोन्ही हाती आल्या तर तू कोणती घेशील? उत्तर येईल तसा क्रम. गतवर्षी एका सभासदांच्या घरी असे झाले. यादी पुरी होण्यास रात्रीचे अकरा वाजले, आणि गृहस्थांस तीनदा उठून ओसरीवर जावे लागले, असे ऐकतो.