उपग्रहाच्या तबकडीशेजारी एक अँटेना

मध्य रेल्वेने घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना रुळांलगतच्या इमारतींकडे थोडे निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना आणि गच्च्यांच्या कठड्यांना बसविलेल्या उपग्रह-तबकड्या, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, साधारणतः आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या असतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेले त्यांचे उपग्रह मुंबईहून त्या अंगाला येतात. १९७० आणि १९८० च्या दशकांत याच गच्च्यांवर दुसरेच रान माजले होते. ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचे, कावळ्यांच्या विशेष आवडीचे ते अँटेने वरळीकडे पाहत उभे असत. अंधेरी-बोरिवलीत दक्षिणेकडे, मुलुंडला नैर्ऋत्येकडे. अँटेना गेला आणि तबकडी आली, ही प्रगतीची साधी कथा म्हणून सांगितली जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ती इतकी साधी वाटू नये. अँटेना होता तेव्हा घर आणि प्रक्षेपण केंद्र यांच्यामध्ये कोणी जकातदार उभा नव्हता. आता तो आला आहे, आणि इतका मुरला आहे की, त्याच्याखेरीज दूरचित्रवाणी असू शकते ही कल्पनाच नव्या पिढीला राहिलेली नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातील अँटेनाचे हाल आज चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना स्मरत असतील. विमानतळाकडे उतरणारे विमान डोक्यावरून गेले की घाटकोपरच्या घरातील चित्र थरथरू लागे. वाऱ्याने दांडी फिरली तर एकाने गच्चीवर चढायचे, दुसऱ्याने खिडकीत उभे राहून ‘आलं, आलं’ आणि लगेच ‘गेलं’ असे ओरडायचे, हा कित्येक इमारतींचा रविवारचा कार्यक्रम होता. परंतु संच एकदा घेतला की पुढे खर्च म्हणजे टपाल कचेरीत भरावयाचा वार्षिक परवाना एवढाच, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर तोही गेला. मनोऱ्यावरून निघालेली लहर एका घराने घेतली म्हणून शेजारच्या घरासाठी कमी होत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात देता येत नाही. दीपस्तंभाचे देतात, पण उपनगरात दीपस्तंभ पाहिलेले विद्यार्थी थोडे.

मग केबल आली. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रहवाहिन्यांची चटक लावली, १९९२ च्या ऑक्टोबरात झी सुरू झाली, आणि गल्लीतल्या केबलवाल्याने एका तारेतून सगळेच घरात आणून दिले. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविणे त्याच्यावर बंधनकारक केले. हेतू चांगला होता. परंतु त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. दूरदर्शनही तारेतूनच मिळू लागल्यावर अँटेनाची गरज संपली. पुढल्या एखाद्या पावसाळ्यापूर्वी गच्चीचे डांबरीकरण करताना तो उतरविला गेला आणि पुन्हा कोणी चढविला नाही. २००३ नंतर खासगी तबकड्या आल्या, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत केबललाही डिजिटल डबा सक्तीचा झाला. ग्राहकाच्या हातातून तोपर्यंत दुसरा मार्ग निघून गेलेला होता.

दुसरा मार्ग नसलेल्या ग्राहकाची किंमत कशी ठरते हे १ फेब्रुवारी २०१९ रोजी कळले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपद्धतीत ‘जोडणी क्षमता शुल्क’ या नावाने पहिल्या १०० वाहिन्यांसाठी दरमहा १३० रुपयांपर्यंत आकारणीस मुभा मिळाली. १८ टक्के कर धरून ही रक्कम १५३ रुपये ४० पैसे होते. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या, केवळ सह्याद्री आणि बातम्या पाहणाऱ्या निवृत्त शिक्षकालाही ती चुकत नव्हती. म्हणजे जी वाहिनी सरकारी खर्चाने चालते आणि जिचे मूल्य शून्य आहे, ती पाहण्याचे वर्षाचे भाडे १,८४० रुपये. पुढे २०२० मध्ये त्याच पैशांत २०० वाहिन्या देण्याचे बंधन आले, आणि २०२४ मध्ये या शुल्कावरील कमाल मर्यादाच उठविण्यात आली. स्पर्धा आहे, बाजार ठरवील, असे त्यामागचे तत्त्व. बाजार ठरवील हे खरे. मात्र ज्या बाजारात फुकटचा पर्याय ग्राहकाच्या नजरेआड केला गेला आहे, त्या बाजाराच्या निवाड्याला किती मान द्यावयाचा?

तबकडीशेजारी अँटेना हवा तो याच कारणाने. तबकडी काढून टाका असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ज्यांना पन्नास वाहिन्या हव्यात त्यांनी त्या अवश्य घ्याव्यात. परंतु घरात फुकटची वाट शिल्लक असली की सशुल्क वाटेवरचा मनुष्य जपून दर लावतो. पर्यायी वस्तूची उपयुक्तता ती वापरण्यात असते, तशीच ती वापरता येईल या शक्यतेतही असते.

क्रिकेटच्या बाबतीत तर हा प्रश्न दराच्याही पलीकडे जातो. २००७ साली संसदेने कायदा केला की, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्रण हक्कदार वाहिनीने प्रसार भारतीला द्यावे, जाहिरातींचे उत्पन्न किमान ७५ टक्के हक्कदाराकडे जावे, आणि ज्यांना सशुल्क वाहिनी परवडत नाही त्यांनाही सामना पाहता यावा. वर्षानुवर्षे हा सामना दूरदर्शनच्या वाहिनीबरोबर केबलवर आणि खासगी तबकड्यांवरही दिसत असे. हक्कदार न्यायालयात गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, हे चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरील मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या तबकडी सेवेवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवावे; खासगी केबल व डीटीएच चालकांकडे ते जाऊ नये. कायद्याच्या दृष्टीने निर्णयाला आधार आहे. दुसऱ्याची मालमत्ता काढून घेणाऱ्या तरतुदीचा अर्थ ताणू नये, हे तत्त्व जुनेच. पण त्याचा व्यावहारिक अर्थ उपनगरातील किती घरांपर्यंत पोहोचला? बोरिवलीतील एखादा कारकून दरमहा पैसे भरून खासगी तबकडी ठेवतो. भारताच्या एकदिवसीय सामन्याच्या दिवशी तो दूरदर्शन लावतो, तर तेथे दुसराच कार्यक्रम चालू. सामना पाहण्याचा जो हक्क संसदेने त्याला दिला, तो वापरण्याचे साधन मात्र त्याच्या घरात नाही. साधन म्हणजे एक अँटेना, किंवा फ्री डिशची वेगळी तबकडी.

अँटेनाचे महत्त्व न्यायालयाने असे परत आणले. त्याच सुमारास दूरदर्शन स्वतः काय करीत होते? २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईसह १६ शहरांत मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू करण्यात आले. महाराष्ट्रातील दुसरे शहर तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तंत्र उत्तम होते. चित्रात मुंग्या नाहीत, दुहेरी सावली नाही. एका लहरीत पाच वाहिन्या. मात्र ही लहर वाचू शकणारा भाग बाजारातील बहुतेक संचांत नव्हता, आणि वेगळा डबा मागितला तर दुकानदार विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहत असे. जाहिरात जवळजवळ नव्हतीच. त्यानंतर २०२१ आणि २०२२ या वर्षांत जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक देशभर बंद करण्यात आले. सीमाभागातील व दुर्गम ठिकाणचे सुमारे ५० तेवढे राखले. जुने यंत्र ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी जुने प्रक्षेपण बंद केले ते मात्र, त्याआधी प्रत्येक घराला डबा घेण्यासाठी ४० डॉलरची दोन कुपने देऊ करून. ब्रिटनमध्ये २००२ पासून ‘फ्रीव्ह्यू’ नावाची अँटेनावरची डिजिटल सेवा लोकप्रिय आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे सुचते ते आपल्याला का सुचू नये? भारतीय मानक ब्युरोने अलीकडे संचांतच उपग्रह-ग्राहक बसविण्याचे मानक प्रसिद्ध केले, जेणेकरून फ्री डिशला वेगळा डबा लागू नये. त्याच संचात मनोऱ्याची लहर घेणारा भागही सक्तीचा केला असता, तर मोठे काम झाले असते.

कोणी म्हणेल, फ्री डिश आहे तर मनोरा कशाला? याचे उत्तर पावसाळ्यात मिळते. डीटीएचच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोराच्या पावसाचे थेंब त्यांची शक्ती शोषून घेतात आणि त्यांना विखुरतात. मनोऱ्यावरून येणारी लहर अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीची. तिला पावसाचे फारसे काही वाटत नाही. कुर्ल्याला रुळांवर पाणी साचल्याची बातमी वरळीच्या स्टुडिओतून निघून ३६,००० किलोमीटर वर आणि तितकीच खाली येऊन मुलुंडला पोहोचावयाची, आणि शेवटच्या काही किलोमीटरांत पावसाने ती गिळावयाची, हा प्रकार विचित्र आहे. वरळीहून बोरिवली सरळ रेषेत २५ किलोमीटर. अर्थात अँटेनाची महती वाढवून सांगण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांच्या मोठ्या भागात वीजच नव्हती. अशा रात्री अँटेना काय आणि तबकडी काय; सेलवर चालणारा ट्रान्झिस्टरच खरा. पण तो ट्रान्झिस्टरही जमिनीवरच्या मनोऱ्यावरच ऐकतो.

दुसरा आक्षेप विद्यार्थी घेतील: आता सर्व काही मोबाइलवर आहे. आहे खरे. खासगी डीटीएचचे चालू ग्राहक २०२१ मध्ये सुमारे ७ कोटी होते, ते २०२४ मध्ये ६ कोटी २० लाखांवर आले, त्यात मोबाइलचा वाटा असणारच. परंतु इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो आणि प्रत्येकाला डेटा खर्चावा लागतो. एक लहर सर्वांसाठी हे प्रक्षेपणाचे गणित तेथे नाही. (सामन्यातला षटकार आपल्या फोनवर दिसण्यापूर्वी शेजारच्या घरातून आरोळी ऐकू येते, हा अनुभव ताजाच असेल.) २०२० च्या टाळेबंदीत फोनवरच्या शाळेची मर्यादा आपण पाहिली आहे. घरात फोन एक, मुले दोन, आणि बाप कामावर जाताना फोन घेऊन जाणारा. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ फुकट होते. पण रिचार्ज संपलेल्या डब्यातून फुकटचा पाठही बाहेर येत नाही.

मग एवढी उपयोगी वस्तू मागे का पडली? कारण तिच्यापासून कोणालाच मिळकत नाही. केबलवाल्याला नाही, तबकडीच्या कंपनीला नाही, संच विकणाऱ्याला नाही. उपनगरातील कित्येक गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याला जागा सापडते, कारण तो भाडे देतो. सभासदाने साधा अँटेना लावायचा म्हटले की गच्चीची किल्ली सापडत नाही. राष्ट्रीय पातळीवरही तेच. ७०० मेगाहर्ट्झचा लहरपट्टा अनेक देशांत पूर्वी दूरचित्रवाणीसाठी वापरला जात असे. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात एकट्या रिलायन्स जिओने त्यातील हिस्सा सुमारे ३९,००० कोटी रुपयांना घेतला. ज्या हवेला असा भाव येतो, तिच्यातून फुकट चित्र पाठविणे अर्थखात्याला उधळपट्टी वाटली तर नवल नाही. परंतु ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या प्रकरणात, या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांचा वापर जनहितासाठीच झाला पाहिजे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. मालमत्ता विकून कर्ज फेडणे हा तिचा एक वापर झाला. मालकांना तिचा उपभोग घेऊ देणे, हाही एक वापरच आहे.

दूरदर्शनने शहरी मनोऱ्यांवरील डिजिटल सेवा नीट चालविली पाहिजे, तिच्यावर सह्याद्रीसह मराठी कार्यक्रम आणि कायद्याने मिळणारे सामने ठळकपणे दिले पाहिजेत, आणि ती कशी घ्यावी हे लोकांना मराठीत सांगितले पाहिजे. कार्यक्रमांचा दर्जा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ यांच्या पुण्याईवर किती दिवस काढणार, हे तेथे विचारता येईल.

राहिला आपल्या इमारतींचा भाग. चाळीस बिऱ्हाडांची इमारत समजा. प्रत्येकी १५३ रुपये ४० पैसे या किमान आकारणीनेच वर्षाला ७३,६३२ रुपये होतात. १९८० च्या दशकात काही इमारतींत गच्चीवर एकच सामाईक अँटेना असे आणि त्याची तार घरोघर जाई. तीच व्यवस्था आज अँटेना आणि फ्री डिशची सामाईक तबकडी अशी जोडीने करता येते. ज्यांना हवे त्यांनी आपला डबा घ्यावा, खासगी तबकडी हवी त्यांनी तीही ठेवावी. भिंतींना पाडलेली भोके आणि त्यातून होणारी गळती कमी होईल, हा वरकड लाभ. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. विषयपत्रिकेवर रंगकाम, पाण्याची टाकी आणि वाहनतळाचे भांडण यांच्या जोडीला ‘गच्चीवर सामाईक अँटेना बसविण्यास मंजुरी देणे व त्याचा खर्च निश्चित करणे’ ही एक ओळ घालण्यास चिटणीसांची हरकत नसावी.