मासळी कमी झाली की पैसे?

१ ऑगस्टला बंदी उठेल. त्याआधीच्या सभेसाठी जे अर्ज आलेत, त्यांत एकच मागणी जास्त आहे: मोठ्या इंजिनासाठी कर्ज. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "मासळी राहिली नाही, लांब जावं लागतं."

कर्जासाठी हात वर करण्याआधी प्रश्न नीट मांडूया. मासळी कमी झाली, की हातात उरणारे पैसे कमी झाले? ऐकायला एकच वाटतं, पण दोघांचे इलाज वेगळे.

मोठ्या इंजिनाने वेग वाढतो, खरं. पण पाण्यात वेग पाव पट वाढवायचा तर तासाला डिझेल जवळपास दुप्पट जातं. म्हणजे बांगडा मिळाला तरी आधी पंपवाला, मग हप्ता, मग खलाशांचा वाटा, आणि उरलं तर मालकाला.

आता दुसरीकडे बघा. बर्फ कमी भरलेला, म्हणून पहिल्या ओढीचा बांगडा उन्हात डेकवर पडून राहतो. आपल्या हवेत किलो मासळीला साधारण किलोभर बर्फ हवा. जेटीवर येईपर्यंत माल मऊ, पोट फुटलेलं. लिलावात भाव पडला की शिव्या दलालाला. (दलाल साधुसंत नाहीत, तो विषय वेगळा.) ही मासळी जाळ्यात आली होती, पैसा वाटेत गेला.

आणि बारीक माल? केरळने २०१५ मध्ये किमान लांबी ठरवली, बांगड्याला १४ सेंटीमीटर, तारलीला १०. आपल्या क्रेटमध्ये त्याहून बारीक किती असतो आणि तो फिशमीलला काय भावाने जातो, हे प्रत्येक तांडेलाला पाठ आहे.

कोणी म्हणेल, सेक्रेटरीला ऑफिसात बसून काय कळतं, समुद्रात मासळी खरंच कमी आहे. असेल. केंद्राने २०१७ मध्ये बंदी घालूनही एलईडी लावणारे आहेतच. पण मग सगळ्यांनी मोठी इंजिनं बसवून काय होणार? त्याच थोड्या मासळीमागे सगळेच जोरात पळणार, आणि सगळ्यांच्याच डोक्यावर कर्ज.

म्हणून सभेला येताना बोटीची गेल्या मोसमाची वही आणा. डिझेल किती लिटर, बर्फ किती, चांगला माल किती, मऊ किती, फिशमीलला किती. दहा-बारा बोटींचे आकडे फळ्यावर मांडू. कर्जाचा विषय त्यानंतर घेऊ.